पुढे सरकवायचं बटण परत द्या : शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. शिक्षणमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

ऑनलाइन शिक्षण मंचाच्या नव्या आवृत्तीबद्दलचं आपल्या खात्याचं परिपत्रक मिळालं. ‘प्रत्येक प्रकारच्या विद्यार्थ्याला त्याच्या गतीने शिक्षण’ हे गेल्या वर्षीचं आश्वासन त्याच्या पहिल्याच ओळीत जसंच्या तसं आहे, त्याबद्दल आभार. तिसरं कलम मात्र सांगतं की व्हिडिओ शंभर टक्के पाहिल्याखेरीज पुढचा घटक उघडणार नाही, तो पुढे सरकवता येणार नाही, आणि दर दहा मिनिटांनी ‘आपण उपस्थित आहात का?’ अशी चौकट येईल. वीस सेकंदांत बटण दाबलं नाही तर विद्यार्थी मंचाबाहेर आणि व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून. गती विद्यार्थ्याची, फक्त ती ठरवणार खातं.

या चौकटीकडे जरा जवळून बघा. ती पडद्यावर येते, पण कीबोर्डचा फोकस (म्हणजे कळ दाबली की ती कुठे लागू होणार ती जागा) तिच्यावर जात नाही. त्यामुळे दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, मागचंच पान वाचत राहतो आणि चौकट आली होती हे त्याला बाहेर फेकलं गेल्यावर कळतं. हात नीट चालत नाहीत म्हणून एकाच स्विचने संगणक चालवणाऱ्यांचं वेगळंच. तिथे पडद्यावरची खूण एकेका बटणावरून पुढे सरकते आणि हव्या बटणावर आली की स्विच दाबायचा. प्रत्येक थांब्याला दोन सेकंद धरले आणि ‘होय’ अकराव्या जागी असलं, की वीस सेकंद संपले. पंचेचाळीस मिनिटांच्या व्हिडिओत अशा चार चौकटी. दिवसाला सहा व्हिडिओ म्हणजे चोवीस वेळा हाकलले जाण्याची सोय.

वेब सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांनाही संकेतस्थळ वापरता यावं यासाठीचे, डब्ल्यूसीएजी हे आंतरराष्ट्रीय निकष २००८ पासून सांगत आले आहेत की वेळ संपण्याआधी इशारा द्या, साध्या कृतीने वेळ वाढवायला किमान वीस सेकंद द्या आणि अशी वाढ किमान दहा वेळा घेता येऊ द्या. आपल्या कंत्राटदाराने त्यातले वीस सेकंद तेवढे उचललेले दिसतात. चौकट ठेवायचीच असेल तर ती येताक्षणी फोकस तिच्यात गेला पाहिजे, शीर्षक मोठ्याने वाचलं गेलं पाहिजे, स्पेसबारने ती बंद झाली पाहिजे आणि व्हिडिओ होता तिथूनच सुरू झाला पाहिजे. खरं तर ती काढूनच टाका. बटण दाबणारा जागा आहे एवढंच तिच्यावरून कळतं, तो शिकतोय का हे नाही.

आता व्हिडिओ. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरची सुमारे ६९ लाख व्हिडिओ-सत्रं तपासणारा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असो, किमान निम्म्या बैठकांत प्रेक्षक सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाही, हा त्याचा निष्कर्ष. आपले व्हिडिओ पंचेचाळीस मिनिटांचे, कारण तास तेवढा असतो. बरं, तेच कात्रीने कापून सात-आठ तुकडे केले तरी भागत नाही. ‘मघाशी सांगितल्याप्रमाणे’, ‘वरच्या आकृतीत पाहिलंच आहे’ अशी वाक्यं अधांतरी लोंबकळतात. संहिताच नव्याने लिहावी लागते. एका तुकड्यात एकच कल्पना, तिची आकृती त्याच तुकड्यात, आणि शेवटी एक प्रश्न. तो चार पर्यायांतून ओळखण्याचा नको, आठवून लिहायचा हवा. नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून काढलेलं आठवड्यानंतरही जास्त टिकतं, हे २००६ च्या प्रयोगांत स्पष्ट दिसलं आहे. पर्याय द्यायचेच असतील तर प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे कोणता गैरसमज आहे ते धरून वेगळं उत्तर लिहा. ‘चूक! पुन्हा प्रयत्न करा’ वाचून कोणी काही शिकत नाही, तो उरलेले पर्याय ओळीने दाबत सुटतो.

नव्या आवृत्तीचा मुकुटमणी म्हणजे पहिल्या लॉगिनला येणारी प्रश्नावली. तुम्ही पाहून शिकता, ऐकून शिकता की करून? उत्तर दिलं की त्याच प्रकारचं साहित्य मिळतं. म्हणजे ‘ऐकून’ निवडणाऱ्याला विद्युत मंडलाची आकृती दिसतच नाही! महोदय, मंडल कानाने कसं काढायचं ते खात्याने एकदा करून दाखवावं. अशा शिक्षणशैलींनुसार शिकवलं तर जास्त शिकणं होतं याला पुरेसा पुरावा नाही, असं चार मानसशास्त्रज्ञांनी २००८ च्या आढाव्यात लिहून ठेवलंय.

विद्यार्थी वेगवेगळे असतात ते वेगळ्याच अर्थाने. कोणाला आधीचं किती येतं, कोणाला दिसत नाही, कोणाला ऐकू येत नाही, कोण अडखळत वाचतो, कोणाची घरची भाषा दुसरीच, कोणाचं नेटवर्क दर पाच मिनिटांनी जातं. यातला सर्वांत मोठा फरक आधीच्या ज्ञानाचा, आणि तो तपासायला शैलीची प्रश्नावली लागत नाही. घटकाच्या सुरुवातीला पाच-सहा प्रश्न पुरतात. बरोबर आले तर थेट सराव, चुकले तर नेमका तो तुकडा. नवख्याला आधी पूर्ण सोडवलेलं उदाहरण द्या, मग शेवटची पायरी गाळलेलं, मग शेवटच्या दोन गाळलेलं. ज्याला आधीच येतं त्याला मात्र हाच आधार अडसर होतो, म्हणून त्याला तो ओलांडता आला पाहिजे. थोडक्यात, ज्या बटणाला आपण कुलूप लावलंत ते बटण.

नेटवर्कचा हिशेब बोटांवर होतो. एक एमबीपीएस (सेकंदाला दहा लाख बिट) वेगाने तासाभराचा व्हिडिओ ४५० एमबी खातो. तेच भाषण ३२ केबीपीएसच्या मोनो ध्वनीत साडेचौदा एमबीच्या आत बसतं. शंभर केबीच्या दहा स्लाइड जोडल्या तरी साडेपंधरा एमबी, म्हणजे जवळपास तिसावा हिस्सा. हे पॅकेज डाउनलोड करता यावं, ही मागणी मान्य झाली होती. नव्या आवृत्तीत ती गायब. चाचणीत तर ‘सादर करा’ दाबल्यावर नेटवर्क गेलं की चक्र फिरत राहतं आणि सगळा पेपर पाण्यात, कारण उत्तरं शेवटी एकदमच पाठवली जातात. प्रत्येक उत्तर आधी उपकरणावर जतन करा, जोडणी आली की पाठवा आणि प्रत्येक प्रयत्नाला स्वतंत्र क्रमांक द्या, म्हणजे तेच उत्तर दोनदा पोहोचलं तरी दोनदा मोजलं जाणार नाही. यात नवं संशोधन काही नाही.

पीडीएफची दशा तीच. निम्म्या स्कॅन केलेल्या, म्हणजे स्क्रीन रीडरसाठी कोऱ्या. उरलेल्यांतल्या कित्येक जुन्या फॉन्टमधल्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरांची संकेतपद्धत) नसलेल्या. मजकूर निवडून दुसरीकडे चिकटवा, रोमन अक्षरांचा कचरा उमटेल. कानावर पडतो तो हाच. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ : १ हवा, इथे राखाडीवर राखाडी. बरोबर-चूक फक्त हिरव्या-लाल रंगाने. आपोआप तयार झालेली उपशीर्षकं पारिभाषिक शब्दांपाशी हमखास घसरतात, ती एकदा माणसाच्या नजरेखालून गेली पाहिजेत.

आणि हे सगळं निस्तरतं कोण? शिक्षक. बाहेर फेकलेल्यांची यादी शिक्षकाने करायची, ती एक्सेलमध्ये भरायची, छापून सही करायची, स्कॅन करायची आणि त्याच मंचावर चढवायची. चढवताना वीस सेकंदांची चौकट त्यालाही येते. प्रशिक्षण म्हणाल तर दोन तासांचा व्हिडिओ, अर्थातच पुढे न सरकणारा. बहिऱ्या विद्यार्थ्याला संहिता टंकून देणारा शिक्षक, रात्री फोनवर पेपर वाचून दाखवणारा शिक्षक, आणि डॅशबोर्डवर त्याच्याच नावापुढे लाल रेघ, कारण त्याच्या वर्गाचे ‘पाहिलेले तास’ कमी!

रोग या तासांतच आहे. निविदेत व्हिडिओचे तास मोजायचे, आढाव्यात लॉगिन मोजायचे, कंत्राटदाराला पैसे तासांवर द्यायचे, आणि मग व्हिडिओ लांब का म्हणून आश्चर्य करायचं. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१७-१८ मध्ये नोंदणी केलेल्यांपैकी तीन टक्क्यांच्या आसपासच लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. त्यांना नुसत्या व्हिडिओने माणसं धरून ठेवता आली नाहीत, आपण ती कुलूप लावून धरणार. समाधान-सर्वेक्षणाचा तर प्रश्नच मिटलाय. ते लॉगिन केल्यावरच दिसतं, म्हणजे ज्यांना आत शिरताच आलं नाही ते आपोआप समाधानी.

पुढचं सत्र सुरू होण्याआधी तिसरं कलम मागे घ्या. निविदेत तासांऐवजी सुगम्यतेची चाचणी घाला, ती स्क्रीन रीडर आणि स्विच रोज वापरणाऱ्यांकडून करून घ्या, आणि त्यात पास झाल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

आपला,
एक अभ्यासक्रम-रचनाकार

ता. क. : मंचाच्या पहिल्याच पानावर आपल्या उद्घाटनाच्या भाषणाचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो. तीन सेकंदांहून जास्त चालणारा असा आवाज थांबवण्याची सोय हवी, असा निकष आहे. ती सोय इथे नाही. उपशीर्षकंही नाहीत. भाषणाच्या आवाजात स्क्रीन रीडर ऐकू येत नाही, त्यामुळे ते संपेपर्यंत लॉगिनचं बटण सापडत नाही.