अक्षांश-रेखांश कळले म्हणजे वाट कळली असे नाही

महोदय,

मोबाइल टॉवर बंद पडल्यावर एकमेकांकडे थेट संदेश सोपवणाऱ्या बिनतारी उपकरणांचे जाळे कामी येऊ शकते, हा आपल्या अंकातील लेखाचा मुद्दा रास्त आहे. मात्र जीपीएस बसवले की संदेशाला वाट आपोआप सापडते, असा समज त्यातून होतो. दरडी आणि पुराच्या तालुक्यांसाठी अशी उपकरणे घेण्याचा विचार चालू असेल, तर हा समज महागात पडेल.

स्थानावर चालणाऱ्या या पद्धतीत उपकरणाला तीनच गोष्टी लागतात: स्वतःचे ठिकाण, शेजाऱ्यांची (म्हणजे रेडिओच्या पल्ल्यातल्या उपकरणांची) ठिकाणे आणि संदेश जिथे पोचवायचा ते ठिकाण. शेजाऱ्यांपैकी जो त्या ठिकाणाला सर्वांत जवळ, त्याच्या हाती पॅकेट, म्हणजे संदेशाचा तुकडा, द्यायचे. पुढचाही तेच करतो. साऱ्या जाळ्याचा नकाशा कोणालाच साठवावा लागत नाही, हा मोठा फायदा. या रीतीला अधाशी म्हणतात आणि नाव अगदी चपखल आहे, कारण ती फक्त पुढचा घास पाहते.

कोयनेच्या किंवा मुळशीच्या जलाशयाकाठी उभे राहून पाहा. पलीकडचा माणूस 600 मीटरवर, उपकरणाचा पल्ला 250 मीटर. पाण्यात कोणी नाही आणि काठावरचे बाकीचे सगळे शेजारी त्या माणसापासून आपल्यापेक्षा लांब. पॅकेट इथेच अडकते, जरी काठाकाठाने पलीकडे जाणारी साखळी शाबूत असली तरी. ब्रॅड कार्प आणि एच. टी. कुंग यांनी 2000 साली मांडलेल्या जीपीएसआर पद्धतीत यावर उतारा आहे. अडकलेले पॅकेट उजव्या हाताच्या नियमाने वळसा घेते: ज्या दुव्यावरून (दोन उपकरणांमधल्या थेट जोडणीवरून) आले, त्यापासून घड्याळाच्या उलट्या दिशेने पहिला लागणारा दुवा धरायचा. कुठे अडकलो ते ठिकाण पॅकेटातच नोंदलेले असते. संदेशाच्या मुक्कामाला त्याहून जवळचे उपकरण भेटले की पुन्हा अधाशी चाल सुरू. वळशाची सुरुवात झाली तोच दुवा त्याच दिशेने पुन्हा समोर आला, तर वाट नाही असे समजून पॅकेट टाकून दिले जाते.

या वळशाला एक अट आहे. दुवे एकमेकांना छेदता कामा नयेत. म्हणून दोन उपकरणांमधले अंतर व्यास धरून वर्तुळ कल्पायचे आणि त्यात तिसरे उपकरण असेल तर त्या दोघांमधला थेट दुवा वगळायचा. सपाट मैदानात हे चालते. सह्याद्रीत ते तिसरे उपकरण एकाला दिसते आणि सोंडेआड असल्याने दुसऱ्याला दिसत नाही. मग एक दुवा तोडतो, दुसरा ठेवतो, आणि पॅकेट गोल गोल फिरत राहते किंवा जोडलेली वस्ती तुटल्यासारखी वागते. दुवे प्रत्यक्ष तपासून छेद काढणारी पद्धत 2005 मध्ये मांडली गेली. तिला जादा संदेशांची किंमत मोजावी लागते. शिवाय बहुतेक रचना द्विमितीय आहेत. घाटमाथा आणि त्याच्या थेट खालची वाडी त्यांना शेजारी-शेजारी वाटतात. मधला कडा हिशेबात नसतो.

दुसरी खोट शिळ्या माहितीची. जीपीएसआरच्या मूळ चाचण्यांत प्रत्येक उपकरण साधारण दीड सेकंदाने आपले ठिकाण कळवते आणि त्याच्या साडेचारपट, म्हणजे 6.75 सेकंद काही ऐकू आले नाही तर शेजारी यादीतून जातो. समोरासमोरून ताशी 72 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या दोन गाड्या तेवढ्या वेळात एकमेकींपासून 270 मीटर सरकतात. पल्ला 250 मीटर! शेजारी केव्हाच निघून गेला, यादीत मात्र हजर. पोच न आल्यास त्याला तत्काळ यादीतून काढण्याची सोय म्हणूनच हवी. सर्वांत लांबचा शेजारी निवडण्याच्या हावेत सर्वांत कमकुवत दुवाही निवडला जातो. त्यावर अंतरातली बचत आणि पॅकेट पोचण्याचे प्रमाण यांचा गुणाकार पाहणे चांगले: 200 मीटर पुढे नेणारा पण दहांपैकी तीनच पॅकेट घेणारा शेजारी 60 गुणांचा, 120 मीटर नेणारा आणि नऊ घेणारा 108 गुणांचा.

आणि ज्याला संदेश द्यायचा तो आत्ता कुठे आहे, हे कोण सांगणार? जीपीएस फक्त स्वतःचा ठावठिकाणा सांगते. बचाव-बोटीचे ठिकाण 60 सेकंदांपूर्वीचे असेल आणि तिचा वेग सेकंदाला 5 मीटर असेल, तर ती 300 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कुठेही असू शकते. को आणि वैद्य यांच्या 1998 च्या एलएआर पद्धतीत शोध या वर्तुळापुरता आणि आपल्यापासून तिथवरच्या पट्ट्यापुरता ठेवतात. वर्तुळ वाढते तसा शोध सगळ्या जाळ्यात पसरतो आणि बचत संपते.

एक गल्लत सर्रास होते. लोरा या कमी विजेवर लांब पोचणाऱ्या रेडिओवर चालणाऱ्या मेशटॅस्टिक या संदेश-जाळ्याच्या पडद्यावर सगळ्यांचे ठिपके दिसतात, म्हणून मार्गही नकाशावरून ठरतो असे लोक धरून चालतात. तिथे गटाला पाठवलेला संदेश ऐकणारे पुन्हा प्रसारित करतात; ज्याला तो क्षीण ऐकू आला, त्याला शक्यतो आधी संधी मिळते. टप्प्यांची, म्हणजे संदेश किती वेळा पुढे जाईल याची, मर्यादा मुळात 3, फार तर 7. कामाची वस्तू आहे, पण वेगळी.

खरेदीपूर्वी दहा-बारा उपकरणे मैदानावर नव्हे, जलाशयाच्या काठाने घोड्याच्या नालेच्या आकारात मांडावीत, टोके समोरासमोर पण पल्ल्याबाहेर. एका टोकाकडून दुसऱ्याकडे शंभर क्रमांकित पॅकेट पाठवावीत. मग मधले एक उपकरण बंद करावे, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या उपकरणांना एकमेकांचे ऐकू येईल अशा बेताने, आणि पुन्हा शंभर. शेवटी एक टोक चालत्या गाडीत. प्रत्येक फेरीत किती पोचली, किती टप्प्यांनी, आणि अडकलेली कुठे अडकली, ही नोंद विक्रेत्याच्या माणसाने नव्हे, तालुक्याच्या माणसाने ठेवावी.

आपला,
एक दूरसंचार अभियंता, पुणे