ग्राहक भांडार स्वस्त आहे का, हा प्रश्नच अपुरा

मा. संपादक, स.न.वि.वि.

सहकारावर पेपरात जे काही छापून येतं ते बहुतेक उत्पादकांच्या संस्थांबद्दल असतं नाहीतर बँकांबद्दल, ग्राहकांनी स्वतः काढलेल्या संस्थांबद्दल क्वचितच, आणि आलंच तर प्रश्न एकच असतो, तिथं माल बाहेरच्यापेक्षा स्वस्त मिळतो का? स्वस्त असेल तर संस्था चांगली आणि नसेल तर मग हवीच कशाला, मॉल आहेत, ॲप आहेत, सेल तर बारा महिने चालू असतात. मला हा प्रश्नच अपुरा वाटतो आणि त्याच्यामुळे चांगल्या चाललेल्या संस्थासुद्धा लोकांच्या नजरेतून उतरतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय, शक्य झालं तर पूर्ण छापा.

सुरुवात कुठून झाली ते बघा. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २१ डिसेंबर १८४४ ला २८ जणांनी मिळून एक छोटं दुकान उघडलं, त्यातले बरेचजण विणकर होते, प्रत्येकी १ पौंड असं ठरवून २८ पौंडांचं भांडवल उभं केलं होतं, आणि दुकानात माल म्हणजे पीठ, साखर, लोणी, ओट आणि मेणबत्त्या, बस. तो काळ असा की पिठात खडू आणि तुरटी मिसळणं सर्रास चालायचं आणि कामगार उधारीत इतका अडकलेला असायचा की दुकानदार बदलायची सोयच नव्हती. आता लोकांना वाटतं की या मंडळींनी माल स्वस्त विकला म्हणून ते चालले. तसं नाहीये! त्यांनी माल बाजारभावानंच विकला आणि रोखीनंच विकला. त्यांच्या आधी अशी कितीतरी दुकानं निघाली आणि बंद पडली, कोणी उधारी दिली म्हणून, कोणी खरेदीच्याच भावात माल वाटला आणि अडचणीच्या दिवसांसाठी गाठीला काही ठेवलं नाही म्हणून. रॉचडेलवाल्यांनी शुद्ध माल, बरोबर वजन, बाजारचा भाव आणि दर तीन महिन्यांनी जे शिल्लक राहील ते ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत, असा हिशोब ठेवला. मत मात्र प्रत्येकाला एकच, शेअर कितीही असोत.

माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा हा परतावा आहे. कंपनीच्या दुकानात भाव चढवला तर जास्तीचा पैसा ज्याने माल घेतला त्याच्या खिशातून निघून ज्याने भांडवल घातलं त्याच्याकडे जातो, म्हणजे दोघांचं हित एकमेकांच्या उलट दिशेला. ग्राहक संस्थेत घेणारा आणि मालक एकच माणूस, त्यामुळे भाव थोडा जास्त लागला तरी तो वर्षाअखेर त्याच्याकडेच फिरून येतो आणि भांडवलावर ठरलेलं मर्यादित व्याज सोडलं तर कोणाला काही जादा मिळत नाही. मग भाव फुगवायचा कशाला, वजनात मारायचं कशाला, भेसळ कोणासाठी करायची? चांगुलपणावर भरवसा ठेवायची गरजच उरत नाही कारण फसवण्यात फायदाच राहिलेला नाही. सरकारी इन्स्पेक्टर आणि कायदे लागतातच, ते नकोत असं मी म्हणत नाही, पण इन्स्पेक्टर रोज येत नाही आणि हा हिशोब रोज चालू असतो.

आता दुसरा मुद्दा जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि ज्याच्यावर कोणी बोलत नाही. ग्राहक संस्थेचा फायदा फक्त तिच्या सभासदांना होत नाही, जो माणूस आयुष्यात कधी तिची पायरी चढला नाही त्यालाही होतो. एखाद्या धंद्यात तीन-चारच मोठ्या कंपन्या उरल्या की त्यांना बंद खोलीत बसून भाव ठरवायचीही गरज पडत नाही, एकमेकांकडे बघत बघत भाव वर जातात आणि ग्राहकाला वाटतं महागाई आहे. अशा ठिकाणी एक जरी अशी संस्था असली जिला नफा फुगवून काही मिळवायचं नाही तर तिच्या भावाकडे बोट दाखवता येतं, तिचा हिशोब सभासदांपुढे येतो, माल कितीला आला, वाहतूक किती, नासाडी किती, पगार किती, आणि मग बाकीच्यांच्या भावात नुसती हवा किती आहे ते उघड होतं.

याचं माझं आवडतं उदाहरण स्वीडनचं आहे. १९२४ मध्ये जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी फीबस नावाचं कार्टेल, म्हणजे आपसात स्पर्धा न करण्याची युती केली, देश वाटून घेतले आणि बल्ब १००० तासांच्या वर टिकू नये असंसुद्धा ठरवलं, जास्त टिकणारा बल्ब बनवला तर चक्क दंड. स्वीडनमधल्या ग्राहक संस्थांचा केएफ नावाचा संघ होता, १८९९ चा, त्याने त्याच्या आधीच मार्जरीनच्या (लोण्याऐवजी वापरायच्या स्वस्त पदार्थाच्या) धंद्यातल्या कार्टेलशी दोन हात केले होते, तर त्यांनी शेजारच्या नॉर्डिक देशांतल्या ग्राहक संस्थांना बरोबर घेऊन स्टॉकहोममध्ये लुमा नावाचा स्वतःचाच बल्बचा कारखाना काढला, १९३० च्या आसपासची गोष्ट. आणि गंमत म्हणजे कारखाना येतोय अशी नुसती बातमी आल्यावरच कार्टेलवाल्यांचे भाव उतरायला लागले. म्हणजे लुमाचा एकही बल्ब न घेणाऱ्याच्या घरातला उजेडसुद्धा स्वस्त झाला. आता सांगा, हा फायदा त्या संस्थेच्या ताळेबंदात कुठल्या रकान्यात लिहिणार? कुठेच नाही. त्यामुळे संस्थेचा मार्केट शेअर किती आणि डिस्काउंट किती एवढंच मोजणारे लोक तिची खरी कामगिरी कधी मोजतच नाहीत.

सिंगापूरमध्ये १९७३ ला तेलाच्या संकटात महागाई भडकली, नफेखोरी सुरू झाली तेव्हा तिथल्या कामगार संघटनेनं सहकारी दुकान काढलं ते याच विचारानं, आणि त्यातूनच वाढलेली फेअरप्राइस ही आज तिथली सगळ्यात मोठी सुपरमार्केट साखळी आहे. हे सगळं गरिबांपुरतं आहे किंवा जुन्या काळातलं आहे असं म्हणणाऱ्यांनी स्वित्झर्लंड बघावं, तिथल्या मिग्रोस आणि कूप या पहिल्या दोन्ही नंबरच्या साखळ्या सहकारी आहेत. मिग्रोस तर आधी खासगी होती, गॉटलीब डुटवायलर नावाच्या माणसाने १९२५ मध्ये ५ ट्रकवर फिरतं दुकान म्हणून काढली आणि १९४१ पर्यंत ती ग्राहकांच्या हातात देऊन टाकली. फिनलंडमध्ये एस-ग्रुप या सहकारी समूहाकडे किराणा बाजाराचा जवळपास निम्मा हिस्सा आहे.

जपानची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथं सेइकात्सु क्लब १९६५ मध्ये टोकियोतल्या बायकांनी एकत्र दूध घ्यायला लागून सुरू झाला, शेजारपाजारची घरं मिळून गट करायचा, ऑर्डर आधी द्यायची, मग माल मागवायचा. यात उत्पादकाला आधीच कळतं किती लागणार, दुकानाला माल साठवून ठेवावा लागत नाही, जाहिरातीवर खर्च नाही, आणि माल कसा पिकवला, त्यात काय घातलं हे विचारायचा हक्क घेणाऱ्याकडे राहतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात मागणी-पुरवठ्याचा आलेख असतो, इथं मागणी स्वतः उठून पुरवठ्याशी बोलायला जाते, मला हे फार मोठं वाटतं.

पण मग इतकं चांगलं आहे तर जगभरात संस्था बुडाल्या का, हा प्रश्न रास्त आहे आणि टाळून चालणार नाही. अमेरिकेत बर्कले शहराची एकेकाळी नावाजलेली ग्राहक संस्था १९८८ मध्ये बंद झाली, ऑस्ट्रियाची कोन्झुम नावाची ग्राहक संस्था १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. भांडवल कमी पडणं हे एक कारण असतं, कारण शेअर बाजारात जाऊन पैसा उभा करता येत नाही, सभासदांचे शेअर आणि राखीव निधी यावरच भागवावं लागतं. पण माझ्या समजुतीनुसार त्याहून मोठं दुखणं वेगळंच आहे, सभासद वाढत जातात आणि मालक कमी होत जातात. सभासदाचं कार्ड हे दुसऱ्या कुठल्या दुकानाच्या पॉइंट कार्डासारखं पाकिटात पडून राहतं, सर्वसाधारण सभेला कोणी येत नाही, संचालक मंडळात तीच तीच माणसं, हिशोब मंजूर, मंजूर, मंजूर, चहा पिऊन घरी. मग मॅनेजर लोक सगळं ठरवतात, मोठ्या साखळ्यांची नक्कल सुरू होते, कर्ज काढून चकचकीत शाखा होतात, आणि ज्या कारणासाठी संस्था वेगळी होती ते कारणच राहत नाही.

कॅनडाचं उदाहरण वाचून मला खरंच वाईट वाटलं. माउंटन इक्विपमेंट को-ऑप, १९७१ ची संस्था, गिर्यारोहणाचं सामान विकणारी, सभासद ५० लाखांच्या वर. २०२० मध्ये ती आर्थिक अडचणीत आली आणि कोर्टाच्या प्रक्रियेतून एका अमेरिकन गुंतवणूक कंपनीला विकली गेली, सभासदांचं मतदान न घेता! ५० लाख मालक आणि त्यातल्या एकालाही हात वर करायची संधी नाही. कायद्याच्या चौकटीत बसलं असेल, पण मग मालक या शब्दाला अर्थ काय राहिला.

म्हणून मला वाटतं की ग्राहक संस्थांबद्दल लिहिताना पेपरांनी भावाच्या पुढे जाऊन विचारावं. शेवटच्या सर्वसाधारण सभेला किती सभासद आले, शिल्लक रकमेतला किती भाग खरेदीच्या प्रमाणात परत गेला आणि किती राखीव निधीत, सभासदांच्या शिक्षणावर काही खर्च झाला का (रॉचडेलवाले नफ्याचे अडीच टक्के त्यासाठी काढून ठेवायचे, वाचनालय चालवायचे, १९ व्या शतकात), आणि संस्थेमुळे आजूबाजूच्या दुकानांच्या भावात काही फरक पडला का. हा शेवटचा आकडा काढणं अवघड आहे, पण पत्रकारांनी आणि कॉलेजच्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मनावर घेतलं तर एखाद्या महिन्याच्या भावांची तुलना करून अंदाज नक्की येईल.

आणि एक मागणी कायदा करणाऱ्यांकडे. इटलीत सहकारी संस्थांचा राखीव निधी वाटून घेता येत नाही, संस्था बंद झाली तर उरलेला पैसा सभासदांच्या किंवा विकत घेणाऱ्याच्या खिशात न जाता सहकाराच्याच निधीत जातो, म्हणजे पिढ्यानपिढ्या साठवलेलं विकून मोकळं व्हायचा मोहच कोणाला होत नाही. अशी तरतूद प्रत्येक ग्राहक संस्थेच्या पोटनियमात आणि कायद्यातसुद्धा स्पष्ट शब्दांत असावी, आणि संस्था विकायची किंवा कंपनीत बदलायची वेळ आलीच तर सगळ्या सभासदांचं मतदान सक्तीचं असावं, कोर्टात प्रकरण असलं तरी. आपल्या पेपरात यावर कायद्याच्या जाणकारांकडून एक लेख लिहून घेता आला तर फार बरं होईल.

आपला,
एक नियमित वाचक