गावाचे नाव छापता, मग गोणीचा हिशेबही द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोड भागात ताजी भाजलेली कॉफी मिळू लागली, याचा आनंदच आहे. पण पाकिटांवर 'कुर्ग', 'चिकमगळूर', 'अराकू' ही नावे फार सैलपणे छापली जातात. ही आता नुसती गावांची नावे राहिलेली नाहीत. कुर्ग अरेबिका, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुडनगिरी अरेबिका, वायनाड रोबस्टा आणि अराकू व्हॅली अरेबिका या पाच कॉफींना 2019 मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरलेल्या भागातल्या मालालाच ते नाव देणारी सरकारी नोंद, मिळाले. (अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन मुख्य जाती.) मान्सून्ड मलबारला ते त्याआधीच मिळाले होते.

ही नावे नीट वाचली की पहिली फट दिसते. मानांकन 'कुर्ग'ला नाही, 'कुर्ग अरेबिका'ला आहे. कोडगूत, म्हणजे कुर्गमध्ये, रोबस्टाही भरपूर पिकते आणि चांगली पिकते, पण ती या नावात बसत नाही. वायनाडचे नेमके उलट. म्हणजे नुसते 'कुर्ग' लिहून जात न सांगणाऱ्या पाकिटाने ग्राहकाला अर्धीच माहिती दिलेली असते.

मान्सून्ड मलबारच्या नावात तर कृतीही आली. जून ते सप्टेंबरच्या पावसाळी हवेत, पश्चिम किनाऱ्यावरच्या हवेशीर गोदामांत, फळासकट वाळवून सोललेले दाणे चार ते सहा इंच थरात पसरतात आणि पुन्हा पुन्हा उलटतात. मग गोण्या सैल भरून, वारा मधून खेळेल अशा अंतराने रचतात. त्या अधूनमधून रिकाम्या करून परत भरतात. बारा ते सोळा आठवड्यांत दाणा फुगतो, फिका सोनेरी होतो आणि आंबटपणा जवळजवळ जातो. थर वेळेवर उलटला नाही तर बुरशी धरते. थप्पी दाट लागली तर आतला दाणा तसाच हिरवट राहतो. हे काम समुद्रावरच्या दमट वाऱ्याचे आहे, इथल्या गोदामात पाणी शिंपडून ते होत नाही. शिवाय हा दाणा हलका आणि ठिसूळ असतो. नेहमीच्या आचेवर भाजला तर बाहेरून करपतो आणि मग दोष मलबारच्या नावावर जातो.

भेसळ पकडायला प्रयोगशाळाच लागते असे नाही. 60 किलोच्या गोणीतला कच्चा दाणा भाजला की वजन साधारण 15 टक्के घटते. उरतात 51 किलो, म्हणजे पाव किलोची 204 पाकिटे. भाजणी गडद असेल तर त्याहूनही कमी. एका गोणीच्या खरेदीवर तीनशे पाकिटे विकली गेली असतील, तर त्यात दुसरा दाणा आहे, हे साध्या वहीवरून कळते. ही वहीच कोणी मागत नाही, हे खरे दुखणे आहे.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदारांना यात नवल वाटणार नाही. युरोपला जाणाऱ्या द्राक्षासाठी ग्रेपनेट या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत प्लॉटची नोंद असते, त्याच प्लॉटचा नमुना रासायनिक अंश तपासायला जातो आणि पेटीवरून माग काढत थेट बागेपर्यंत पोहोचता येते. 'नाशिक व्हॅली वाइन' आणि लासलगावच्या कांद्याचे मानांकन मिरवणाऱ्या जिल्ह्याने दुसऱ्याच्या गावाचे नाव वापरतानाही हीच शिस्त पाळायला हवी.

कायद्यात वाट आहे. नाव एकदा नोंदवले की काम संपत नाही. ते वापरणाऱ्याने 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून स्वतंत्र नोंद करायची असते. 1999 चा कायदा शेतीमालाच्या बाबतीत पिकवणाऱ्याबरोबरच प्रक्रिया करणाऱ्याला, पॅकिंग करणाऱ्याला आणि व्यापाऱ्यालाही 'उत्पादक' म्हणतो. या नोंदणीचे शुल्क 2020 मध्ये पाचशेवरून दहा रुपयांवर आणले गेले. दहा रुपयांचा अर्ज आणि खरेदीची बिले एवढ्यासाठी कोणाचा धंदा अडत नाही.

ग्राहकांनी पाकीट उलटून जात, मळा किंवा गाव, प्रक्रिया (धुतलेली की फळासकट वाळवलेली), हंगाम आणि भाजल्याची तारीख पाहावी. मिश्रण असेल तर कोणती कॉफी किती टक्के, हेही विचारावे. चिकोरी (कॉफीत मिसळतात ते भाजलेले मूळ) घातलेल्या पावडरीवर कॉफी आणि चिकोरीचे प्रमाण छापणे आजही बंधनकारक आहे आणि त्यात कॉफी किमान 51 टक्के लागते. चिकोरीचे प्रमाण छापता येते, तर अराकूच्या दाण्याचे का नाही?

शहरातल्या भाजणाऱ्या सर्व व्यावसायिकांना विनंती, की येत्या हंगामाच्या मालापासून पाकिटावर गोणीचा लॉट क्रमांक छापावा आणि त्या लॉटचे खरेदी बिल दुकानात, मागेल त्याला दाखवता येईल असे ठेवावे.

– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक