मंदे, त्या तहाचं काय करू?

प्रिय मंदे,

तुझ्या मेसेजला उत्तर दिलं नाही म्हणून चिडली असशील, चीड. मी बरी आहे, गुडघा आहे तसाच, बीपीची गोळी चालू. आता मुद्द्याचं ऐक, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "एवढं काय त्यात" म्हणतील.

महिला दिनाला वाचनालयात बोलायचंय. विषय मीच घेतला, जमैकाची नॅनी. उसाच्या मळ्यांतून पळून ब्लू माउंटनच्या डोंगरात राहिलेले गुलाम, त्यांना मरून म्हणतात, त्यांची ही पुढारी. अंगाला फांद्या बांधून दबा धरायचा, गाईच्या शिंगाचा भोंगा, अबेंग, फुंकून या डोंगरावरून त्या डोंगरावर निरोप द्यायचा, आणि इंग्रजांची तुकडी अरुंद वाटेत शिरली की वरून मारा. अगदी आपला गनिमी कावा! आणि गंमत ऐक, १७३३ मध्ये तिथल्या असेंब्लीच्या, म्हणजे इंग्रज सरकारच्या कायदेमंडळाच्या, कागदात विल्यम कफी नावाच्या गुलामाची वाहवा आहे, का, तर त्याने नॅनीला ठार मारलं. आणि १७४० मध्ये त्याच सरकारने "नॅनी आणि तिच्याबरोबर राहणारे लोक" यांच्या नावे ५०० एकर जमीन लिहून दिली. मेलेल्या बाईच्या नावे सातबारा! आपल्याकडे जिवंत माणसाचा निघता निघत नाही.

इथपर्यंत सगळे खूश. भोपळ्याच्या बियांची गोष्ट तर आयोजक बाईंना फारच आवडली, म्हणजे उपासमार होऊन आता शरण जायचं ठरत होतं, तेवढ्यात पूर्वजांचा आवाज आला, खिशात बिया सापडल्या, पेरल्या, भोपळे लागले, लोक जगले. ती हातांनी गोळ्या झेलायची, तेही सांगा म्हणाल्या. पण पुढचं पान वाचलं आणि, "मॅडम, एवढं तहाचं गाळा ना, बायका हिरमुसतील."

तह १७३९चा, इंग्रजांशी. मरून लोकांना स्वातंत्र्य मिळालं, पुढे जमीनही, पण बदल्यात कलम असं की यापुढे मळ्यातून जो गुलाम पळून येईल त्याला परत करायचं. सही क्वाओची, म्हणजे तिच्याच भागातल्या मरूनांच्या दुसऱ्या पुढाऱ्याची, नॅनीची नाही, आणि तिला हा तह पटला नव्हता असं तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पण कलम ते कलमच गं. १७६० मध्ये टॅकीने गुलामांचं मोठं बंड केलं तेव्हा मरून इंग्रजांच्या बाजूने उतरले, टॅकीला गोळी घातली तीही डेव्ही नावाच्या मरूननेच.

मला टॅकीपेक्षा दुसरीच कुणीतरी छळतेय. तहानंतर महिनाभराने एखादी बाई पोर पाठीला बांधून, रात्रीची, भोंग्याच्या आवाजाच्या रोखाने डोंगर चढली असेल, तिला तहाबद्दल कोण सांगणार होतं? वर पोचल्यावर तिला कोण भेटलं असेल?

आता तुझं सुरू होईल, माहितीये. हॉस्टेलच्या गच्चीवर पुरंदरच्या तहावरून माझ्याशी अबोला धरला होतास, "२३ किल्ले दिले ते आधी वाच, जयजयकार नंतर कर" म्हणून. बब्या मध्ये पडला आणि दोघींच्या शिव्या खाऊन गेला. पण तिथे किल्ले दिले होते मंदे, माणसं नाही, त्यामुळे तुझं ते उत्तर इथे पुरत नाही, म्हणूनच तुला लिहितेय. १७३४ मध्ये इंग्रजांनी नॅनीचं गावच घेतलं होतं, वर्षानुवर्षं लढून उपाशी राहिलेल्या लोकांना मी पंख्याखाली बसून काय शिकवू? दोष देणार नाहीच. पण गाळणारही नाही. आज ती जमैकाची एकमेव स्त्री राष्ट्रवीर आहे, ५०० डॉलरच्या नोटेवर आहे, ते पद काही तहाचं सांगितल्याने जाणार नाही.

फक्त कुठे सांगू ते कळेना. शेवटी सांगितलं तर सगळ्या तोंड पाडून चहाला जातील, मध्ये घुसवलं तर लपवल्यासारखं वाटतं. मला वाटतं सातबाऱ्यावर हशा पिकेल, तो विरायच्या आत सांगावं, जमीन कशाच्या बदल्यात मिळाली ते. तुझ्या मते?

बाकी पिंकीचं जमलं का? जावईबापू नोकरी सोडतायत म्हणे, सोडू देऊ नकोस. तुझ्या सासूबाईंना नमस्कार. शनिवारी कार्यक्रम आहे, त्याआधी फोन कर, दुपारी नको, मी झोपलेली असते.

तुझी,
सुमी