नववीच्या तुकड्या

पंचवटी, नाशिक

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

आठवीच्या मार्कांवरून नववीच्या तुकड्या पाडायचं तुमच्याकडे घाटतंय आणि मुख्याध्यापकांनी तुझंही मत विचारलंय, हे कळलं. मला विचारशील तर वर्षभरासाठी पोरं अशी वेगळी काढू नका.

मी नोकरीत होते तेव्हा अ तुकडीला गणिताला सगळ्यात मुरलेले सर असायचे. ड तुकडीला तासिका तत्त्वावरचं कुणीतरी, तेही दिवाळीनंतर बदलायचं. ड मधला एक मुलगा मार्केट यार्डात वडिलांसोबत जायचा. टोमॅटोच्या कॅरेटचा हिशेब, हमाली-तोलाई वजा करून, तोंडी सांगायचा. वर्गात फळ्यापाशी बोलावलं की म्हणायचा, "बाई, आम्ही ड चे." नववीतच शाळा सुटली त्याची. अजून जीव तुटतो माझा.

बैठकीत कुणी केनियाचा दाखला देईल. तो खराच आहे. तिथे 121 शाळांत पहिलीच्या वर्गांवर प्रयोग झाला. जिथे मुलं पातळीनुसार विभागली, तिथे हुशार आणि कच्ची, दोन्ही मुलं पुढे गेली, कारण शिक्षकाला समोरच्या मुलांना पेलेल असं शिकवता आलं. पण कोणत्या तुकडीला कोणता शिक्षक, हे तिथे चिठ्ठ्या टाकून ठरलं होतं. आपल्याकडे असं कोण करतं?

पालक म्हणतील, कच्च्या मुलांमुळे आमची मागे पडतात. दिल्लीच्या खासगी शाळांत गरीब मुलांना राखीव जागा मिळाल्यावर गौतम राव या अर्थशास्त्रज्ञांनी हेच तपासलं. श्रीमंत मुलांचे इंग्रजीचे मार्क किंचित घसरले, हिंदी-गणिताचे नाही. आणि ती मुलं जास्त उदार झाली, गरिबांशी भेदभाव कमी करू लागली. हा सौदा मला महाग वाटत नाही.

मात्र ज्याला भागाकार येत नाही त्याला बीजगणित देऊन बसवणं हाही अन्यायच. 'प्रथम' संस्था प्राथमिक शाळेत करते तसं करा: दिवसातला थोडा वेळ, मुलाला आज काय येतं ते बघून गट, आणि जमलं की लगेच पुढच्या गटात. बाकीचे तास सगळे एकत्र. वेळापत्रकात एक तास काढणं जिकिरीचं आहे, पण जमतं.

एवढं करूनही तुकड्या पाडायचंच ठरलं, तर बैठक उठायच्या आत ड ला गणित कोण शिकवणार ते नाव लिहून घे.

तुझी,
आई