मागची ड्रेनेज लाइन तुंबून तळमजल्यावर येणाऱ्या मैलापाण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण संस्था, जुळे सोलापूर

विषय : सामाईक ड्रेनेज लाइन सोसायटीच्या खर्चाने साफ व दुरुस्त करून मिळण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

या आठवड्यात नळाला पाणी आलं त्या सकाळी आमच्या मोरीतून आणि संडासातून पुन्हा मैलापाणी वर आलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचलं. फ्रीजची वायर ओली झाली होती म्हणून आधी मेन स्विच बंद केला. आजारी सासूबाईंना शेजारच्या घरी नेऊन झोपवावं लागलं. तोंडी तक्रारी याआधी बऱ्याच झाल्या. दर वेळी "तुमच्या घरातला पाइप तुंबलाय, तुमचं तुम्ही बघा" हेच उत्तर मिळालं. ते बरोबर नाही, म्हणून आता लेखी कळवते आहे.

आमचे सगळे नळ बंद असतानाही पाणी चढत होतं. वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीनचं पाणी सोडलं की आमच्या मोरीच्या जाळीतून फेस येतो. प्लंबरने दोन्ही झाकणं उघडून दाखवली : इमारतीलगतचं चेंबर काठोकाठ भरलेलं, गेटजवळचं जवळजवळ कोरडं. म्हणजे अडथळा या दोन चेंबरच्या मधे आहे. तो आमच्या घरात नाही आणि रस्त्यावरच्या मनपाच्या लाइनमध्येही नाही. सगळ्या मजल्यांचं पाणी त्याच पाइपातून जातं. तो तुंबला की सर्वांत खालचं तोंड आमचं, तिथून ते बाहेर पडतं. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत ड्रेनेज लाइनची दुरुस्ती संस्थेने स्वखर्चाने करायच्या कामांत धरलेली आहे.

हे नेमकं पाण्याच्या दिवशीच का होतं, ते समितीने लक्षात घ्यावं. आपल्याकडे रोज पाणी येत नाही. मधल्या दिवसांत सगळीच घरं पाणी जपून वापरतात, संडासातही अर्धी बादलीच ओततात. एवढ्याशा पाण्याने मैला पुढे सरकत नाही, पाइपात थर धरून बसतो. मग पाणी आलं की एकाच सकाळी घरोघरी चादरी धुतल्या जातात, पिंपं-हंडे घासून भरले जातात, फरश्या पुसल्या जातात. तो लोंढा अरुंद झालेल्या पाइपात मावत नाही. चार इंची पाइपाला साधारण ४० फुटांत १ फूट उतार लागतो. मागच्या बाजूची फरशी खचली आहे, तिथे पाइपही खाली बसला असावा असं प्लंबरचं म्हणणं आहे. बांबू घालून भोक पाडलं की पाणी उतरतं आणि काम झाल्यासारखं वाटतं, पण थर तसाच राहतो. शिवाय गच्चीचा पावसाळी पाइप याच चेंबरला जोडलेला आहे. परतीचा पाऊस कोसळला की काय होईल, हे सांगायला नको.

मला सर्वांत जास्त भीती हौदाची वाटते. तो त्या भरलेल्या चेंबरपासून अगदी जवळ आहे. चेंबरला भेग असेल तर मैलापाणी मातीतून हौदात झिरपू शकतं. कावीळ आणि टायफॉइड दूषित पाण्यातून पसरू शकतात. ते पाणी सगळ्याच मजल्यांवर चढतं. हौदातल्या पाण्याचा नमुना या आठवड्यातच तपासायला द्यावा.

आमच्या जोडणीवर नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलट आत येऊ न देणारी झडप) बसवावा असं आपण सुचवलंत. तो मी माझ्या खर्चाने बसवते. पण लाइन तुंबलेली असेल तर तो बंद राहील, आमचंही पाणी बाहेर जाणार नाही, आणि वरचं पाणी चेंबरच्या झाकणातून मुलं खेळतात त्या जागेत येईल.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. मागच्या खेपेला एका माणसाला चेंबरमध्ये उतरवायचं चाललं होतं. आत साचणारा हायड्रोजन सल्फाइड वायू जास्त झाला की त्याचा वासही येईनासा होतो आणि माणूस जागीच कोसळतो. हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असं उतरवणं गुन्हा आहे; पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारात मरण पावलेल्यांच्या वारसांना ३० लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं. माझ्या घरात पाणी शिरलं तरी चालेल, पण आपल्या सोसायटीत कोणी माणूस आत उतरू नये. काम जेटिंग मशीन (पाण्याच्या जोरदार झोताने पाइप साफ करणारं) आणि गाळ ओढून घेणारी सक्शन गाडी यांनीच व्हावं.

गाळ काढल्यावर खचलेला पाइप उकरून उतार दुरुस्त करावा आणि गच्चीचं पाणी वेगळं काढावं. सॅनिटरी पॅड, कापडाचे बोळे, उरलेलं तेल नाल्यात न टाकण्याची सूचना सर्व सभासदांना लेखी द्यावी. मागच्या वेळी पाइपातून हेच निघालं होतं. खर्चाचा विषय येत्या समिती सभेत घ्यावा. माझा वाटा मी लगेच भरीन. कामाची तारीख मला लेखी कळवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
तळमजल्यावरील एक सभासद