दातांचे सगळेच उपचार थांबवता येत नाहीत

संपादक महोदय,

विषाणूची साथ पसरलेली असताना दंतवैद्याकडे जावे की थांबावे, हा निर्णय इतर दवाखान्यांपेक्षा अवघड असतो, कारण तेथे रुग्णाला मास्क काढूनच बसावे लागते आणि एअरोटर (दात कोरण्याचे वेगवान यंत्र) किंवा अल्ट्रासोनिक स्केलर (कंपनांनी दात साफ करणारे यंत्र) यांच्या पाण्याच्या फवाऱ्यात लाळेचे व रक्ताचे सूक्ष्म कण मिसळून हवेत तरंगत राहतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने ऑगस्ट २०२० मध्ये, करोनाचा समूह संसर्ग असलेल्या भागांत नेहमीची तपासणी, दातांची सफाई यांसारखे उपचार पुढे ढकलण्याचा सल्ला दिला होता. तातडीचे उपचार चालू ठेवावेत, हेही त्याच सल्ल्यात होते. परंतु भीतीच्या वातावरणात हा दुसरा भाग ऐकूच गेला नाही, असे मला वाटते.

सर्वांत घातक गैरसमज दुखणे थांबण्याविषयीचा आहे. असह्य ठणका आपोआप शमला की माणूस सुटकेचा नि:श्वास टाकतो. प्रत्यक्षात अनेकदा दाताची नस मेलेली असते आणि जंतुसंसर्ग मुळाच्या टोकातून हाडाकडे सरकत असतो. अशा वेळी घरात उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या घेणे हा उपाय नव्हे. नसेचा दाह त्यांनी बरा होत नाही, आणि गळू झाले असेल तर त्याचे मूळ काढावेच लागते, मग ते रूट कॅनॉल करून असो वा दात काढून. जबड्याखाली किंवा मानेकडे सूज उतरणे, तोंड न उघडणे, गिळताना वा श्वास घेताना त्रास होणे ही लक्षणे दिसली, तर साथ कितीही जोरात असली तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठले पाहिजे, कारण ही सूज श्वासमार्ग बंद करू शकते. अपघाताने मुळासकट निखळलेला कायमचा दातही वाट पाहत नाही. मूळ न घासता तो दुधात ठेवून शक्यतो तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा लागतो.

बाकीच्या तक्रारींत थांबणे योग्य असेलही, पण ते रुग्णाने एकट्याने ठरवू नये. आधी फोनवर बोलणे व्हावे, छायाचित्र पाठवावे आणि दंतवैद्याने ‘नंतर या’ एवढेच न सांगता पुन्हा केव्हा विचारपूस करायची तो दिवसही ठरवून द्यावा. मधुमेही रुग्णांच्या बाबतीत हे अधिकच आवश्यक आहे, कारण हिरड्यांचा आजार आणि रक्तातील साखर एकमेकांना बिघडवतात. शिवाय फवारा टाळून करता येणारे मार्गही आहेत. हाताच्या अवजारांनी कीड खरवडून सिमेंट भरता येते, लहान मुलांच्या किडलेल्या दातांवर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रवरूप औषध लावून कीड रोखता येते, आणि यंत्र वापरणे अटळच असेल तर रबर डॅम (दाताभोवती ताणून बसवायचा रबराचा पातळ पडदा) व लाळ-पाणी ओढून घेणाऱ्या जोरदार सक्शनने धोका बराच कमी होतो.

आपल्या वृत्तपत्रास विनंती आहे की, साथीच्या काळात ‘अनावश्यक उपचार टाळा’ अशी सूचना छापताना तिच्याच शेजारी, कोणत्या लक्षणांत एक दिवसही थांबू नये, याची चौकट तितक्याच ठळक अक्षरांत द्यावी.

– एक वाचक